नव्या डिक्सीलँड बँडमध्ये ट्युबा कसा वाजवावा

डिक्सीलँड जॅझचा नवा हौशी बँड उभा करायचे ठरते, तेव्हा ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि ड्रम वाजवणारी माणसे तुलनेने लवकर सापडतात. ट्युबा, म्हणजे सर्वांत खालचे स्वर देणारे मोठे पितळी वाद्य, मात्र बहुतेक वेळा असा कोणीतरी हाती घेतो, ज्याने तो पूर्वी कधी वाजवलेला नसतो. मराठवाड्यात हे अधिकच खरे आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, नांदेड, लातूर, परभणी येथील लग्नाच्या बँड पथकांमुळे ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि युफोनियम लोकांच्या ओळखीचे झाले, परंतु मिरवणुकीतल्या ढोल-ताशांच्या आणि ध्वनिक्षेपकांच्या आवाजात खर्जाच्या पितळी वाद्याला फारशी जागा उरली नाही. त्यामुळे युफोनियम किंवा ट्रम्पेट सोडून ट्युबाकडे वळलेल्या वादकाला शंका विचारण्यासाठी जवळपास सहसा कोणी नसते. पुढील मार्गदर्शन अशा वादकासाठी आहे आणि त्याचा सारा भर एका गोष्टीवर आहे: स्वर थोडे वाजवावेत, पण ते नेमक्या जागी सुरू व्हावेत आणि नेमक्या जागी संपावेत.

ट्युबाचे काम कोणते

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्समध्ये घडलेल्या या शैलीत ट्रम्पेट किंवा कॉर्नेट मुख्य चाल वाजवते, क्लॅरिनेट तिच्या वरच्या बाजूला वेगाने नक्षी काढते आणि ट्रॉम्बोन खालच्या बाजूने तिला उत्तरे देतो. हे तिघेही एकाच वेळी, एकमेकांचे ऐकत, स्वतःच्या उपजेने वाजवत असतात. ऐकणाऱ्याला तो गोंधळ न वाटता संगीत वाटते, याचे कारण त्यांच्याखाली लय हलत नाही आणि कोणता कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट, चालू आहे हे प्रत्येक क्षणी स्पष्ट ऐकू येते. ही दोन्ही कामे मुख्यतः ट्युबाची आहेत. नव्या बँडमध्ये तर ती अधिकच महत्त्वाची ठरतात, कारण तेथे क्लॅरिनेटवादक कॉर्ड विसरतो, ट्रॉम्बोनवादक एक बार, म्हणजे चार मात्रांचा एक गट, आधी पुढे जातो, आणि अशा वेळी दोघांनाही परत येण्यासाठी खालचा एकच स्वर आधाराला असतो.

१९१७ साली ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँडने केलेली ध्वनिमुद्रणे जॅझची पहिली ध्वनिमुद्रणे म्हणून ओळखली जातात. त्या पाच जणांत खर्जाचे वाद्यच नव्हते आणि पियानोचा डावा हात ते काम करीत होता. ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगने १९२७ मध्ये शिकागोत आपल्या हॉट फाइव्ह गटाचा हॉट सेव्हन केला, तेव्हा जी दोन वाद्ये वाढली ती म्हणजे पीट ब्रिग्जचा ट्युबा आणि बेबी डॉड्सचे ड्रम. ही ध्वनिमुद्रणे नव्या ट्युबावादकाने चांगल्या हेडफोनवर, ट्रम्पेटकडे जाणारे लक्ष जाणीवपूर्वक मागे खेचून, केवळ ट्युबासाठी ऐकावीत. १९३० च्या दशकात तंतुवाद्य डबल बासने ट्युबाची जागा घेतली आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या लू वॉटर्स यांच्या बँडने १९४० च्या सुमारास ती ट्युबाला परत दिली. ज्या बँडला पियानो न घेता उघड्यावर किंवा चालत वाजवायचे आहे, त्याला आजही ट्युबाइतका योग्य आधार दुसरा नाही, असे माझे ठाम मत आहे.

वाद्य निवडताना

ट्युबाचे पहिले पेटंट १८३५ साली प्रशियात घेतले गेले. तेव्हापासून तो अनेक पट्ट्यांत बनत आला आहे. हौशी बँडसाठी बी-फ्लॅट ट्युबा, म्हणजे हार्मोनियमच्या भाषेत काळी पाचचा ट्युबा, सर्वांत सोयीचा, कारण ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट हीदेखील बी-फ्लॅट वाद्ये आहेत. त्याच्या मूळ नळीची लांबी सुमारे साडेपाच मीटर असते. ई-फ्लॅट ट्युबा हलका असतो आणि त्याला हवाही कमी लागते, पण त्याचा तळ तितका खोल नसतो. बँड मिरवणुकीत चालणार असेल तर खांद्यावर घ्यायचा आणि बेल, म्हणजे वाद्याचे रुंद तोंड, पुढे असलेला सूसाफोन घ्यावा. बसून वाजवायचे असेल तर साधा ट्युबा पुरेसा आहे. भारतातील पितळी वाद्यांचे मोठे निर्मितीकेंद्र मेरठ आहे आणि मराठवाड्यातील पथकांकडची पुष्कळशी वाद्ये तेथूनच आलेली असतात. जुने वाद्य घेताना प्रत्येक स्लाइड (आत-बाहेर सरकणारी नळी) तिचा व्हॉल्व्ह (बोटाने दाबायची कळ) न दाबता थोडी बाहेर ओढावी, दोन-तीन सेकंद थांबावे आणि मग तो व्हॉल्व्ह दाबावा. ‘फट्’ असा आवाज आला तर व्हॉल्व्ह हवा धरून ठेवतो. आवाज आला नाही तर वाद्यातून हवा गळते आणि असे वाद्य कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. बेलवरच्या पोच्यांनी फारसे बिघडत नाही. माउथपीसजवळच्या, म्हणजे ओठ लावायच्या भागाजवळच्या, अरुंद नळीतला पोचा मात्र दुरुस्त करून घेतलाच पाहिजे.

ट्युबा मिळेपर्यंत युफोनियमवर तालीम करता येते. ते एक सप्तक वर वाजत असल्याने कार्यक्रमात बँडचा तळ रिकामा राहतो, एवढे ध्यानात ठेवावे.

पट्टीची भाषा आधी ठरवून घ्यावी

ट्युबाचे नोटेशन बास क्लेफमध्ये, म्हणजे खालच्या स्वरांसाठीच्या लेखनपद्धतीत, आणि प्रत्यक्ष वाजणाऱ्या स्वरांतच लिहिलेले असते, तर ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटचे नोटेशन प्रत्यक्ष स्वरापेक्षा एक पूर्ण स्वर वर लिहिलेले असते. म्हणून ट्रम्पेटवादक ‘सी’ म्हणतो तेव्हा ट्युबावर काळी पाच वाजते. लग्नाच्या पथकातून आलेले वादक बहुधा कानाने शिकलेले असतात, गिटारवादक कॉर्डची इंग्रजी अक्षरे वापरतो आणि बँडमास्तर पट्टीच्या भाषेत बोलतात. या तिन्ही भाषा एकाच खोलीत चालू राहिल्या तर पहिल्या काही तालमी नुसत्या समजुतीतच जातात. त्यापेक्षा प्रत्येक चालीच्या कागदावर सर्वांत वर हार्मोनियमची पट्टी लिहावी आणि कॉर्ड त्या पट्टीच्या सरगमात मांडावेत. डिक्सीलँडमध्ये काळी पाच, काळी दोन, पांढरी चार आणि काळी चार या पट्ट्या सर्वाधिक लागतात. नव्या बँडने सुरुवातीच्या सर्व चाली काळी पाचमध्येच बसवाव्यात.

याचा ट्युबावादकाला थेट फायदा होतो. बी-फ्लॅट ट्युबावर काळी पाचचा षड्ज आणि त्याच्या वरचा पंचम हे दोन्ही स्वर एकही व्हॉल्व्ह न दाबता निघतात, मध्यम केवळ पहिल्या व्हॉल्व्हने निघतो. षड्जाच्या खालचा पंचम पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह एकत्र दाबून निघतो, पण तो थोडा चढा लागतो. चौथा व्हॉल्व्ह असेल तर त्या जोडीऐवजी तोच एकटा दाबावा. नसेल तर तिसरी स्लाइड किंचित बाहेर काढून ठेवावी. हा खालचा पंचम डिक्सीलँडमध्ये अत्यंत वारंवार येतो, म्हणून तो सुरेल होईपर्यंत पुढे जाऊ नये.

दोन मात्रांचा ठेका

डिक्सीलँडचा बार चार मात्रांचा असतो आणि ट्युबा त्यातील पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर वाजतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर बँजो किंवा गिटारचा आघात येतो. एका बारमध्ये कहरव्याच्या आठ मात्रा धरल्या, तर ट्युबाचे दोन स्वर समेवर आणि खालीवर, म्हणजे पहिल्या व पाचव्या मात्रेवर येतात, आणि बँजो तिसऱ्या व सातव्या मात्रेवर येतो. तबला किंवा ढोलकी ऐकत वाढलेल्या वादकाला ही मांडणी लगेच उमगते. पहिल्या मात्रेवर कॉर्डचा मूळ स्वर आणि तिसऱ्या मात्रेवर त्याचा पंचम, हा पाया आहे. कॉर्ड बदलला की पहिल्या मात्रेवर नव्या कॉर्डचा मूळ स्वर आलाच पाहिजे. एवढे नियम पाळून संपूर्ण कार्यक्रम उत्तम रीतीने वाजवता येतो.

खरी परीक्षा स्वराच्या लांबीची असते. नवा ट्युबावादक स्वर एक तर पुढच्या मात्रेपर्यंत ओढतो, म्हणजे बँजोचा आघात त्याखाली दबतो, किंवा इतका तोडतो की स्वराची उंचीच कळत नाही आणि नुसता ठोका ऐकू येतो. स्वर मात्रेचा बहुतेक भाग भरून राहावा आणि बँजोचा आघात येण्याच्या किंचित आधी, स्वच्छ, थांबावा. तो थांबवताना जीभ मध्ये आणू नये. हवा थांबली की स्वर थांबतो. सुरुवात मात्र जिभेनेच, ‘दूं’ म्हणताना ती जेथे टेकते तेथून करावी, कारण ‘तू’ म्हटल्यास खर्जात फटका जाणवतो. मोठ्या नळीतून स्वर निघायला ट्रम्पेटपेक्षा वेळ लागतो, म्हणून ट्युबावादकाला आपण वेळेवर आहोत असे वाटत असतानाही समोर बसलेल्याला तो मागे पडल्यासारखा ऐकू येतो. हवा मात्रेच्या आधी तयार असणे हाच यावरचा इलाज आहे. तालीम मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून हेडफोनवर ऐकावी, कारण मोबाइलचा छोटा स्पीकर खर्ज जवळजवळ ऐकवतच नाही.

घरी सराव करताना मेट्रोनोमचा, म्हणजे ठरावीक गतीने ठोके देणाऱ्या यंत्राचा, ठोका पहिल्या मात्रेवर न धरता दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आहे असे मानावे आणि स्वतः पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर वाजवावे. हे सुरुवातीला फार अवघड जाते, पण ट्युबावादकाला घडवणारा याहून चांगला सराव मला माहीत नाही. मिनिटाला १०० मात्रांपासून सुरुवात करावी आणि ठेका विनासायास बसल्यानंतरच गती वाढवावी.

एक चाल पूर्ण बसवणे

उदाहरणासाठी ‘व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन’ ही सोळा बारांची पारंपरिक चाल घेऊ, कारण जगातला जवळजवळ प्रत्येक डिक्सीलँड बँड ती वाजवतो आणि तिचे कॉर्ड मोजकेच आहेत. पहिले सहा बार षड्जाचा कॉर्ड, मग दोन बार पंचमाचा, दोन बार पुन्हा षड्जाचा, दोन बार मध्यमाचा, एक बार षड्जाचा, एक बार पंचमाचा आणि शेवटचे दोन बार षड्जाचा. षड्जाच्या कॉर्डवर ट्युबाने सा आणि प वाजवावेत, मध्यमाच्या कॉर्डवर म आणि सा, पंचमाच्या कॉर्डवर प आणि रे. हा साचा कागद न पाहता, चाल मनात गुणगुणत, वाजवता आला पाहिजे. कार्यक्रमात कागद उडाला किंवा दिवे गेले तरी ट्युबा थांबता कामा नये.

साचा पक्का झाल्यावर जोडस्वर घालावेत. सहाव्या बारमध्ये चारही मात्रांवर सा, सा, नि, ध असे उतरत आल्यास सातव्या बारचा प आपोआप येतो. दहाव्या बारमध्ये सा, सा, रे, ग असे चढल्यास अकराव्या बारचा म तितक्याच सहजतेने येतो, आणि हे ऐकून ट्रम्पेटवादकालाही कॉर्ड बदलत असल्याची आगाऊ सूचना मिळते. जोडस्वरांचा खरा उपयोग हा आहे. ते दर बारमध्ये घातले तर सूचना म्हणून त्यांना काही अर्थ उरत नाही, म्हणून एका आवर्तनात दोन किंवा तीन जागा निवडून तेथेच ते ठेवावेत. सलग चार मात्रांवर वाजवण्याची पद्धतही आहे, पण ती शेवटच्या आवर्तनासाठी राखून ठेवावी, कारण तेथे संपूर्ण बँडला उठाव हवा असतो.

यानंतर बारा बारांचा ब्लूज घ्यावा: चार बार षड्ज, दोन मध्यम, दोन षड्ज, एक पंचम, एक मध्यम आणि दोन षड्ज. पुढच्या चालींत कॉर्ड पंचमाच्या साखळीने येतात, म्हणजे ध, रे, प आणि अखेर सा अशी मूळ स्वरांची रांग लागते. ही रांग सर्व पट्ट्यांत बोटांना सवयीची झाली की निम्म्याहून अधिक डिक्सीलँड चाली सोप्या होतात. मार्चच्या धर्तीवर रचलेल्या चालींत मधल्या भागात पट्टी बदलून मूळ पट्टीच्या मध्यमावर जाते. अशी चाल निवडली तर पट्टीबदलाचा बार वेगळा काढून स्वतंत्रपणे घोटावा.

ड्रम, बँजो आणि बाकीची मंडळी

ट्युबा आणि बास ड्रम यांचा आघात एकच ऐकू आला पाहिजे. पथकातून आलेला ड्रमवादक मिरवणुकीच्या सवयीने प्रत्येक मात्रा भरतो आणि जोरात वाजवतो. त्याची लय बहुतेकदा पक्की असते, फक्त मोकळी जागा सोडण्याची सवय नसते. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा बाकीचे वादक येण्याआधी अर्धा तास दोघांनीच बसावे, त्याने केवळ बास ड्रम पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर वाजवावा आणि ट्युबाने त्याच्यावर दोनच स्वर ठेवावेत. मग बँजो किंवा गिटार यावे. डिक्सीलँडमधला बँजो हा चार तारांचा, छेडून वाजवायचा असतो. आपल्या बँजो पथकातले कळांचे वाद्य त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण त्यावर कॉर्डचा तुटक आघात देता येत नाही. तो बँजो मिळाला नाही तर साधी गिटार चालते.

या तिघांची लय एकत्र बसल्याशिवाय चाल वाजवणाऱ्यांना तालमीला बोलावू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ट्रॉम्बोनवादक आल्यानंतर त्याच्याशी खालच्या भागाची वाटणी ठरवावी लागते. ट्रॉम्बोन खर्जात उतरला तर ट्युबा त्याच्याखाली साधाच राहावा. दोघांनीही जोडस्वर घातले तर दोघांचेही बिघडते. क्लॅरिनेटच्या एकल वादनात ट्युबाचा आवाज निम्मा करावा. बँजोच्या एकल वादनात दर बारला एकच स्वर ठेवला तरी पुरते. जेथे सगळे थांबतात आणि एकच वादक दोन बार वाजवतो, त्या ब्रेकमध्ये ट्युबाने पूर्ण गप्प राहून मनात मात्रा मोजाव्यात आणि पुढच्या पहिल्या मात्रेवर न चुकता यावे.

तालमीचा काळ निवडताना लग्नसराईचा विचार करावा. तुळशीच्या लग्नानंतर पथकातील वादकांना संध्याकाळी वेळ नसतो, गणपतीत आणि नवरात्रातही नसतो. आषाढ-श्रावणात मात्र ते मोकळे असतात आणि नव्या बँडची पायाभरणी त्याच काळात करून घ्यावी. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर वाजवण्यास कायद्याने मनाई आहे, आणि खर्जाचा आवाज भिंतींतून दूरवर जातो, म्हणून तालमीसाठी शाळेचे सभागृह किंवा औद्योगिक वसाहतीतली सुटीच्या दिवशी मोकळी असलेली शेड मागून घेणे उत्तम.

चालींच्या निवडीत श्रोत्यांच्या कानाचाही विचार असावा. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी १९५० च्या दशकात हिंदी चित्रपटसंगीतात पितळी वाद्यांचा झोक लोकप्रिय केला, आणि गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यांच्या सोबतीला होते. त्या वळणाची एखादी ओळखीची चाल दोन मात्रांच्या ठेक्यावर बसवली तर लातूरचा किंवा बीडचा श्रोताही पहिल्या कार्यक्रमातच डोलू लागतो.

श्वास, उन्हाळा आणि निगा

ट्युबाला हवा भरपूर आणि सावकाश लागते. ओठ न ताणता, तोंडाच्या कोपऱ्यांतून, पोट फुगेल असा श्वास घ्यावा. दोन स्वरांमधल्या मोकळ्या जागेत छोटे श्वास घेत राहावेत आणि हवा संपेपर्यंत थांबू नये. रोज आधी केवळ माउथपीसवर ओठांचा कंप करावा, मग दीर्घ स्वर काढावेत. सुरुवातीच्या दिवसांत भोवळ आल्यासारखे वाटले तर लगेच थांबून बसावे, कारण शरीराला इतक्या खोल श्वासांची सवय झालेली नसते.

हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो आणि पितळी वाद्याचा स्वर चढतो. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे दुपारी मांडवात जुळवलेला ट्युबा रात्री उतरलेला आढळतो. कार्यक्रमाआधी दहा मिनिटे वाजवून वाद्य गरम करावे, मगच मुख्य स्लाइडने स्वर जुळवावा आणि मध्यंतरानंतर तो पुन्हा तपासावा. वाद्य उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये. येथील धूळ व्हॉल्व्हमध्ये शिरते, म्हणून वाजवून झाल्यावर वाद्य पिशवीत जावे आणि व्हॉल्व्हला नियमितपणे व्हॉल्व्ह ऑइल मिळावे. खोबरेल किंवा शिलाई मशीनचे तेल त्यासाठी वापरू नये. धुताना कोमट पाणी घ्यावे आणि बोअरचे पाणी जड असेल तर शेवटी फिल्टरच्या पाण्याने खळबळून काढावे, नाहीतर आत क्षार बसतात. माउथपीस अडकला तर पक्कड लावू नये. त्यासाठी वेगळे खेचणी यंत्र मिळते.

कार्यक्रमाच्या दिवशी

उघड्या मैदानात ट्युबाचा आवाज वर निघून जातो, म्हणून शक्य असेल तर मागे भिंत असलेली जागा घ्यावी. पत्र्याच्या छताच्या मंगल कार्यालयात याच्या उलट होते; तेथे खर्ज घुमतो, आणि स्वर नेहमीपेक्षा आखूड ठेवल्याशिवाय कॉर्ड स्पष्ट होत नाहीत. उभे राहताना ड्रमच्या शेजारी राहावे आणि ट्रम्पेटवादक डोळ्यांसमोर असावा. शेवटच्या आवर्तनानंतर बहुतेकदा ड्रमवादक एकटा चार बार वाजवतो आणि मग सगळे मिळून शेवटचे आठ बार पुन्हा घेतात. हे चार बार मोजण्याची जबाबदारी ट्युबावादकाने स्वतःकडे घ्यावी, पाचव्या बारच्या पहिल्या मात्रेवर खालचा सा पूर्ण हवेने द्यावा, आणि अखेरचा स्वर ट्रम्पेटवादकाने वाद्य खाली करेपर्यंत धरून ठेवावा.